मॉड्यूल चार : ऐकणे

फोन टेकवलाय शेंगाचटणीच्या बरणीला.
स्क्रीनवर छातीपासून वर मी समुपदेशक,
कौटुंबिक सल्ला केंद्र, सोलापूर.
खाली मांडी आईच्या मांडीला लागून,
तेंदूच्या कातरणांत बुडालेली.
विडी घरकुलातल्या या खोलीत
रेंज मिळते ती एवढीच जागा,
आणि आईला उजेड मिळतो तीही हीच.

निवेदिता मॅडम पुण्याहून म्हणतात,
सगळ्यांनी व्हिडिओ चालू ठेवा.
पार्श्वभूमी धूसर करायचं बटण मला सापडतं.
आई धूसर होते. तिचा हात तेवढा
मधूनच स्पष्ट होतो, पान वळताना.

सल्ला देऊ नका.
"माझंही असंच झालं होतं" म्हणू नका.
समोरची थांबली तर मनात सात आकडे मोजा.
मी वहीत लिहिते : सात.
आई पंचविसापर्यंत मोजते, दोरा बांधते, कट्टा बाजूला,
पुन्हा एकपासून. मध्येच कोणी काही विचारलं
तर हाताने थांबवते. कारखान्यात चोवीस चालत नाहीत.

मग जोड्या पडतात. आठ मिनिटं.
एकीने अडचण सांगायची, काल्पनिक,
दुसरीने ऐकायची.
माझ्या वाट्याला साकोलीच्या यशोधरा खोब्रागडे,
मागे निळी भिंत, पंख्याची घरघर.
त्या हसून म्हणतात, समजा एक बाई आहे.
समजा तिचा नवरा हात नाही उचलत,
फक्त बोलत नाही. अकरा महिने झाले.
जेवतो, पगार आणून डब्याखाली ठेवतो,
पोरीला म्हणतो, तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे.
समजा ती बाई दिवसभर लोकांच्या सासवा-सुनांना
बोलतं करते. त्याचेच तिला पैसे मिळतात.

'ती'ची 'मी' कधी झाली
दोघींनाही कळलं नाही.
त्या थांबतात. मी मोजते. एक. दोन.
बाहेर ओरडा होतो, पाणी आलं,
पाचव्या दिवसाचं पाणी, गल्लीभर घागरी, मोटारी.
आई उठत नाही.
तीन. चार.
वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ लाल होतं.
यशोधराताई म्हणतात, परवा रात्री मात्र तो
दारात उभा राहिला आणि

आणि आम्ही परत सगळ्यांत.
बेचाळीस चौकोन.
कसं वाटलं? एका शब्दात चॅटमध्ये लिहा.
छान. उपयुक्त. छान.
यशोधराताईंचा चौकोन दुसऱ्या पानावर गेलाय,
व्हिडिओ बंद, गोलात नुसतं अक्षर : य.
आपसात नंबर घ्यायचे नाहीत,
हे मॉड्यूल एकलाच सांगून झालंय.

"तरवात?"
आई विचारते. तेलुगूत, सीरियल बघताना विचारते तसं,
मग पुढं?
तिला मराठी धड कळत नाही असं मी
लहानपणापासून समजत आलेय.
तिच्या हातात अर्धी वळलेली विडी,
आकडा सुटलाय.
दारात उभा राहिला, आणि?

माहीत नाही.
विचारलं नाहीस?
विचारायचं नसतं आई, ऐकायचं असतं. वेळ संपली.

ती माझ्याकडे बघते,
चांगल्या विड्या छाटात टाकणाऱ्या
माणसाकडे बघते तशी.
मग घागर घेऊन उठते. तोवर नळाची धार
करंगळीएवढी झालेली.

प्रश्न नऊ : सत्राचा शेवट कसा करावा?
मी क ला खूण करते. बरोबर येतं.
प्रमाणपत्रावर येमूलचं येमुले झालंय.

आई परत येते, पदराला हात पुसते, सूप ओढते.
फोन पालथा ठेवून मी विचारते,
नान्नांनी पण असं बोलणं सोडलं होतं का कधी?

ती हाताने थांबवते. मोजतेय.
सात होऊन जातात.
गल्लीतल्या मोटारी एकेक करून बंद पडतात.
अकरा. बारा.
मी बसून राहते, कट्टा बांधून होईपर्यंत.